टाकीतल्या आसरा

आंबीतल्या एका कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बजरंग भगतानं दारं-खिडक्या लावून घेतल्या, पंखाही बंद केला. "वाऱ्यानं पाण्यातल्या आसरा देवी बुजत्यात," म्हणाला. लोखंडी भाग धुवायच्या टाकीभोवती बायका पाटांवर बसल्या होत्या. पाव तासात त्या अंगात आल्यासारख्या डुलायला लागल्या. त्यांच्यातली मदिनासुद्धा डुलत होती; आसरांना धर्माचं वावडं नसावं. मग दाराशी उभ्या असलेल्या भगतानं दार उघडलं, पाणी शिंपडलं, बायका सावध झाल्या. सगळ्यांनी हात जोडले. कारखान्याचा शेठ सर्वांत पुढे.

रतनबाईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिची सून अनिता याच टाकीवर कामाला. तिसरा महिना चालू, आणि दोनदा भोवळ येऊन पडलेली.

"हिला पाच मंगळवार टाकीम्होरं बसवा," भगत म्हणाला. "आसरा तरण्या पोरींनाच धरत्यात."

रतनबाई तिथं झाडू मारायची, दिवसभर उभ्यानं. दुसऱ्या दिवशी सुनेला घरी ठेवून, खरं काय ते बघायला ती स्वतः तिच्या जागी टाकीजवळच्या पाटावर बसली. तासाभरात डोकं गरगरलं. साठीच्या म्हातारीवर आसरा भाळल्या म्हणायच्या! दारात येऊन मोकळा वारा घेतला, तशी ती सावरली. मग तिनं थेट तळेगाव गाठलं, डॉक्टर अनघांकडे.

"मावशी, त्या टाकीत ग्रीस काढायचं रसायन असतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. बसलेल्याच्या नाकात जास्त जाते. अनिताला तिथं अजिबात पाठवू नका."

पुढच्या मंगळवारी रतनबाईनं भगतापुढे पाट सरकवला. "आज तुमी बसा." चारचौघांत नाही कसं म्हणणार? बसला. दारं लागली. पाव तासात भगत डुलू लागला, मग ओरडला, "दार उघडा!"

बाहेर ओट्यावर ओकून झाल्यावर तो पुटपुटला, "दार लावलं की बाया डुलत्यात, एवढंच ठावं हुतं मला."

तेवढ्यात रतनबाईनं बोलावलेल्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी शेठकडे रसायनाच्या पिंपासोबत आलेला सूचनांचा कागद मागितला. कागद शेठच्या खणातच होता. बंद जागेत वापरू नये, गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नये, असं त्यावर मराठीत छापलं होतं.

"बाळ बरं हाय ना?" रतनबाईनं विचारलं.

"सकाळी अनिताला तपासलं, आत्ता तरी ठोके नीट आहेत. पण या दोन महिन्यांत वाफेनं काय केलं असेल, ते मी आज सांगू शकत नाही."

रतनबाई बायकांकडे वळली. "गरगरलं की आदी भाईर पळा गं. आन टाकीत काय वततात ते इचारा. मी लय उशिरा इचारलं."