वळणावरचा हुलगा

“तुमी लबाड लिवलंय, सायेब. माझा मानूस म्या एकटीनंच मारला, असं लिवलंय तुमी.”

कचेरीत असं कुणी बोलत नाही. शिरस्तेदारानं चष्मा कपाळावर चढवला, दारातला शिपाई दोन पावलं आत आला. साहेबांनी मात्र मान वर केली नाही. त्यांच्या लेखी काम संपलं होतं आणि जेवायची वेळ झाली होती. ठकुबाई आंबवड्याहून पहाटेची पायी निघून भोरात आली होती. तिच्या पोटात काही नव्हतं, पण ते विचारायची रीत कचेरीत नाही.

निकाल शिरस्तेदारानं एका दमात वाचला होता. अर्जदार बाईनं रहदारीच्या रस्त्यावर पीक पसरलं. वळणावर पसरू नको असं बजावल्यावरही पसरलं. हे तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. सबब नवरा कोंडिबा याच्या मृत्यूला तीच जबाबदार, मोटारवाल्याकडून भरपाई मिळणार नाही.

यातला प्रत्येक शब्द तिनं सांगितलेला होता. तरी कागद लबाड होता.

हुलगा रस्त्यावर ती एकटी पसरत नव्हती. सगळी वरची आळी पसरायची. ज्याच्या दावणीला बैल नाही त्यानं मळणी करायची कशी? उपटलेले वेल वाळवून सडकेवर टाकायचे. गाड्यांची चाकं जातात, भोरहून येणारी सर्व्हिस मोटार जाते, शेंगा फुटतात. मग वेल झटकायचे आणि दाणे झाडून घ्यायचे. मोटारीचा ड्रायव्हर मानसिंग तर या कामात हौसेनं भागीदार झालेला. हुलग्यावरनं चाकं नीट फिरवायची आणि निघताना ओंजळभर दाणे रुमालात बांधून न्यायचे.

“वैनी, दाट पसरा. आज मोटार गच्च भरलीया, झकास मळंल,” तो लांबूनच ओरडायचा. “तुमच्या खळ्यावरचा बैल म्याच की.”

“बैल असशील तर मुसकं बांधून ये,” ठकुबाई म्हणायची. “लई खातोस तू.”

मोटारीतली माणसं हसायची. गुडघ्यांनी अधू झालेला कोंडिबा कडेला बसून काठीनं वेल उलथायचा, तोही हसायचा. दिवसभरात त्याच्याशी बोलणारं तेवढंच होतं.

त्या साली हुलगा बरा आला. घरापुढचा सडकेचा सपाट तुकडा पुरेना. मानसिंग म्हणाला होता, “वैनी, वळणावर तेवढं नगं. तितं चाक सरतं.” ठकुबाईनं मान हलवली आणि तो गेल्यावर वळणावर वेल पसरले. एका दिवसाचा प्रश्न होता. कोंडिबा वळणाच्या आतल्या अंगाला बसला. ती पाण्याला गेली.

विहिरीच्या वाटेवरून तिनं सगळं पाहिलं. मोटार भरधाव आली. मानसिंगचा एक हात चाकावर होता आणि तोंड मागं. मागच्या कुणाशी तरी त्याची थट्टा चालली होती, दात दिसत होते. तो पुढं वळला तेव्हा खाली हुलगा होता. मोटार आडवी सरकत गेली. कोंडिबानं काठी वर केली होती, गुरं हाकताना करतात तशी.

दिवस झाले आणि गाव तिच्यापासून सुटत गेलं. सडकेवर कुणाचं पीक दिसेना, आणि आम्ही कधी टाकलंच नव्हतं असं सगळे बोलू लागले. सावडीला तिला कुणी बोलवेना. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, असं तिनं जन्मभर केलं होतं. आता तिच्या रानात कुणी येईना, आपल्या रानात कुणी घेईना. एका सकाळी ती जावेकडं, साळूबाईकडं, चुलीसाठी विस्तव मागायला गेली.

“आमचाबी इझलाय,” साळूबाई दारातूनच म्हणाली. तिच्या छपरातून धूर वर निघत होता. ठकुबाईनं तो पाहिला आणि साळूबाईनं तिला पाहताना पाहिलं.

“मूठभर हुलग्यापायी नवरा घालवला,” हे वाक्य पाणवठ्यावर तिच्या पाठीमागं रोज ऐकू यायचं.

म्हणून तिनं अर्ज केला. पैसे नकोत, असं ती कधी म्हणाली नाही. घराचं छप्पर गळत होतं, पैसे हवेच होते. पण त्याहून तिला हे हवं होतं की कुणीतरी मोठ्यानं सांगावं, मोटारवालाही चुकला. भरपाई मिळाली की गावाला ते दिसलं असतं. मग साळूबाईनं विस्तव दिला असता.

सुनावणीला मानसिंग उभा राहिला. नवा सदरा घातला होता, मालकानं दिलेला असावा. त्यानं सांगितलं, “म्या बाईला वळखत न्हाई. हुलग्यावरनं मोटार म्या कंदी घेतली न्हाई. भोंगा वाजवला, म्होरंच बघत हुतो. म्हातारा मधी आला.” हे सगळं तो जमिनीकडं बघत बोलला. वळणावर नको असं त्यानं बजावलं होतं, ही त्याला वाचवणारी एकच खरी गोष्ट. तीही त्याला बोलता येईना, कारण मग ओळख निघाली असती आणि रुमालातले दाणेही निघाले असते.

ती गोष्ट ठकुबाईनं सांगितली.

आंबवड्याला देवळाच्या पायरीवर भांडण मिटवायचं तर एक रीत आहे. तक्रार घेऊन येणाऱ्यानं आधी आपली चूक बोलायची आणि बेलाचं पान खाली ठेवायचं. ते पान खाली पडलं की समोरच्याला तोंड उघडावंच लागतं. ठकुबाईनं तसं होताना लहानपणापासून पाहिलं होतं. कचेरीतही माणसंच बसतात, अशी तिची समजूत होती.

“त्यानं मला सांगितलं हुतं, सायेब. वळणावर नगं म्हनला हुता. म्या ऐकलं न्हाई. ही माझी चूक,” ती म्हणाली आणि मानसिंगकडं वळली. “आता तू बोल, बाबा.”

मानसिंग नव्या सदऱ्याचं बटण चाचपत राहिला. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि तिचं वाक्य लिहून घेतलं. तेवढंच लिहून घेतलं. तो मागं बघत होता, हसत होता, हे ती पुढं सांगत होती तेव्हा दौतीचं झाकण लागलं होतं.

त्या दिवशी बाहेर पिंपळाखाली मानसिंगनं तिला गाठलं. “वैनी, मालक काढून टाकंल मला. घरात खानारी तोंडं लई.”

“वळख लागली व्हय आता?” ती म्हणाली.

तो रडला. तिला त्याची दया आली आणि त्या दयेचाच राग आला.

आणि आज हा निकाल.

“बाई, आवाज खाली,” शिरस्तेदार म्हणाला. “दंड नाही केला हे नशीब समज. इथं अंगठा कर. निकाल ऐकला म्हणून.”

त्यानं तिचा अंगठा धरून शाईत दाबला. कागद पुढं सरकवला. ठकुबाईनं हात मागं घेतला.

“ऐकला. पर पुरा न्हाई ऐकला.”

“पुरा वाचलाय.”

“माझं वाचलंत. त्याचं कुठं हाय?”

साहेब उठले. त्यांची पानाची डबी शिपायानं उचलली. मागच्या दारानं ते निघाले, तेव्हा एकदा थबकले. तिला वाटलं, आता वळतील. ते जोडा नीट करत होते.

कचेरी रिकामी झाली. शिपायानं कडी हातात घेतली. तो मनानं वाईट नव्हता. “मावशी, उठा. कुलूप लावायचंय. सायेब उद्या न्हाईत, परवा या.”

ती बाहेर येऊन उंबऱ्याशी बसली. लुगड्याला डाग लागू नये म्हणून शाईचा अंगठा तिनं अंगापासून लांब धरला होता.

“लावा कुलूप. म्या हितंच हाय.”

“आनि करनार काय बसून?”

“अंगठा द्यायचाय की,” ठकुबाई म्हणाली. “माझी चूक म्या माझ्या तोंडानं बोलले. त्याची कोन बोलनार, तेवढं तुमच्या सायबाला इचारून या. जावा. कोन बोलनार?”