चिमट्याच्या टोकाला

"पुन्हा सुटलं," शेवाळेकाका पुटपुटले आणि तरंगत वर आलेला गवताचा झुबका त्यांनी बोटाने बाजूला सारला. काचेच्या कडेला असे तेरा-चौदा झुबके जमले होते.

शनिवारची दुपार होती. दातांचा दवाखाना अर्ध्या दिवसाने बंद झालेला, बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या, आणि भिंतीलगत चार फुटी काचेची टाकी. तळाला काळी दाणेदार माती उतरती रचलेली, एका अंगाला तीन दगड, दगडांच्या फटीतून वाकडेतिकडे वर आलेले लाकडाचे मूळ. आत पाणी जेमतेम चार बोटे. एवढे सगळे काकांनी सकाळीच झकास मांडले होते. उरले होते ते गवत. दोन-तीन काड्यांचा एकेक झुबका लांब चिमट्यात धरायचा, मातीत तिरका खोचायचा, चिमटा किंचित सैल करायचा आणि अलगद मागे घ्यायचा. असे चारशे झुबके. सव्वीस वर्षे हे काम त्यांनी गप्पा मारता मारता केले होते. आज मात्र चिमटा मागे येताना थरथरायचा आणि खोचलेले गवत सोबत घेऊनच वर यायचा.

"माती नवी आहे, म्हणून धरत नाही," ते मोठ्याने म्हणाले. खोलीत आपण एकटेच आहोत असे त्यांना वाटत होते.

"काका, चिमटा ठेवा खाली." डॉक्टरीणबाई आतल्या दारात केव्हाच्या उभ्या होत्या. "हात पुढे करा बघू."

"कशाला?"

"करा तर."

काकांनी हात पुढे केला. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट एकमेकांवर घासत राहिले, जणू चिमूटभर काहीतरी चोळत होते. काकांनी थांबवायला पाहिले, तशी थरथर मनगटापर्यंत चढली.

"आज चहा जरा जास्त झाला."

"मी दातांचीच डॉक्टर आहे, पण एवढं मलाही कळतं." त्यांनी एका चिठ्ठीवर नाव लिहून दिले. "हे मेंदूचे डॉक्टर आहेत. येत्या आठवड्यात जाऊन या. आणि टाकीचं राहू दे, मी दुसऱ्या कोणाला तरी–"

"दुसऱ्या कोणाला नको!"

काका एवढ्या जोरात बोलले की दोघेही दचकले. मग आवाज उतरवून ते म्हणाले, "उद्या दवाखाना बंदच आहे ना? किल्ली द्या. सोमवारी तुमचे पेशंट यायच्या आत सगळं गवत लागलेलं असेल."

राहिलेले झुबके त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळले, उतारावर पाण्याचा फवारा मारला आणि घरची वाट धरली.

शेवाळे हे काही त्यांचे आडनाव नव्हे. घरोघरच्या टाक्यांमधले शेवाळ खरवडत फिरणारा माणूस म्हणून कोणीतरी गमतीने तसे म्हणाले आणि ते असे चिकटले की खरवडूनही निघेना. सुरुवात त्यांनी मासे विकण्यापासून केली होती. पण माशांवर त्यांचा जीव कधी जडला नाही. त्यांना ओढ होती ती पाण्याखालच्या झाडांची. कुठले पान उजेडाला लालबुंद होते, कुठले रोप सावलीतच तग धरते, कोणाची मुळे मातीत पुरली की कुजतात आणि म्हणून ते दगडालाच बांधावे लागते, हे सगळे त्यांना तोंडपाठ. टाकी मांडली की ते चार पावले मागे जात, डोळे बारीक करून बघत, आणि एखादा दगड बोटभर सरकवायला पुन्हा कोपरापर्यंत हात बुडवत. हॉटेलांत, वकिलांच्या कचेऱ्यांत, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत त्यांनी अशी किती राने उभी केली याची गणती नव्हती.

घरी मात्र या कौतुकाला जागा नव्हती. न्हाणीघरात बादल्या, बादल्यांत रोपे, रोपांतून निघालेल्या गोगलगायी थेट स्वयंपाकघरात. काकू कपडे दुरुस्त करून द्यायच्या. त्यांच्या शिलाई मशीनखालीही एक टब असायचा. काकूंचे ऑपरेशन झाले त्या दुपारी काका एका हॉटेलात होते, कारण तिथले दिवे बंद पडले होते आणि झाडे पिवळी पडत होती. काकूंनी त्यावर कधी भांडण काढले नाही. फक्त टाकी बघायला म्हणून त्या कधी कुठे गेल्या नाहीत.

त्या संध्याकाळी काकू पडद्याला दुमड घालत बसल्या होत्या. काकांनी चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली.

"हात जरा हलतोय," ते म्हणाले.

काकूंनी मशीन थांबवले नाही. "आठ महिने झाले."

"तुला कसं कळलं?"

"अहो, चहाचा कप अर्धाच का भरते मी? साखर महाग झाली म्हणून?"

 कप अर्धा असतो हे काकांनाही दिसत होते. आपल्याला दिसते हे त्यांनी दाखवले नव्हते, एवढेच.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर," काकू म्हणाल्या.

"तुला काय येतंय त्यातलं?"

"सुईत दोरा ओवता येतो. चष्मा न लावता."

रविवारी सकाळी दोघांनी दवाखाना उघडला. काकूंनी पदर खोचला, बाह्या वर केल्या आणि चिमटा हातात घेतला. पहिले झुबके सुटले, पण दहाव्या-बाराव्यापासून बसायला लागले. काका बाजूला उभे राहून बघत होते. अर्ध्या तासात उतारावर तीन ओळी लागल्या, दोरी धरून आखल्यासारख्या.

"अगं, टीप घालतेयस का? असं कुठे गवत उगवतं? सगळी नासाडी!"

काकूंनी चिमटा काचेच्या काठावर ठेवला. "मग लावा तुम्हीच."

काकांनी चिमटा उचलला. डाव्या हाताने उजवे मनगट धरले, श्वास रोखला आणि झुबका पाण्यात नेला. मातीला टोक लागताच हाताने उसळी घेतली. काकूंनी लावलेले चार झुबके उपटले गेले, दाणे विखुरले, पाणी गढूळ झाले. काकांनी पुन्हा प्रयत्न केला. मग पुन्हा. घरात ही थरथर काकूंनी चोरून पाहिली होती. अशी समोरासमोर आजच पाहत होत्या.

त्यांनी काकांच्या हातातून चिमटा काढून घेतला.  पाणी निवळेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "सांगा. कसं लावू?"

काका टाकीजवळ सरकले. "ओळ विसर. उतारावरून चालताना कोणाच्या तरी मुठीतून सांडलंय, असं लाव. दगडाजवळ दाट. पुढे विरळ."

मग काम चालू झाले. काका झुबके सोडवून तबकात ठेवायचे, ते काम थरथरत्या हातालाही जमत होते, आणि काकू खोचत जायच्या. मध्येच त्यांनी विचारले, "या मुळाच्या मागे कशाला लावायचं? तिथलं कोणाला दिसणार आहे?"

"दिसणार नाहीच. पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, मागे अजून काहीतरी आहे."

काकूंचा हात थांबला. "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

"विचारायला तुम्ही घरी होतात कधी?"

 काकांनी पुढचा झुबका तबकात ठेवला. उन्हे कलली तेव्हा चारशे झुबके लागले होते. धारेने माती उधळू नये म्हणून वर प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर काकूंनी तांब्या तांब्याने पाणी सोडले, आणि गवत जागचे हलले नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी सांगायचे ते सांगितले. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी थोडा आराम पडला, पण हात पूर्वीसारखा होणार नव्हता. हॉटेलवाल्यांनी दुसरी माणसे शोधली. एका वकिलाने तर फोनवर काकांची चौकशीही केली नाही, कचेरीची किल्ली तेवढी परत मागितली. हाताशी उरल्या चार टाक्या, आणि त्या काकू बघू लागल्या.

तीन महिन्यांनी दोघे दवाखान्यात गेले, तेव्हा गवताने सगळा उतार झाकून टाकला होता. डॉक्टरीणबाई डोकावल्या आणि काकूंना म्हणाल्या, "काकू, ते मागचं लाल झाड फारच उंच गेलंय हो. कापायचं का?"

काकूंनी काकांकडे पाहिले. काका म्हणाले, "तिलाच ठरवू द्या."

काकूंनी कात्री घातली. काकांनी घातली असती त्यापेक्षा दोन पेरे खाली. ते खुर्चीवर बसून बघत राहिले. तशा कापण्यानेही झाड फुटणार होते. फक्त ते वेगळे होणार होते.

शेजारच्या खुर्चीवर गाल सुजलेला एक माणूस बसला होता. "सुंदर आहे हो," तो म्हणाला. "तुम्ही पेशंट का?"

"नाही. मी हिच्याबरोबर आलोय."

माणूस मान वाकडी करून टाकीकडे बघत होता. काकांनी ती टाकी मांडली होती ती आता ते बसले होते त्याच खुर्चीवरून बघण्यासाठी. तिथूनच उतार मुळामागे वळून दूर गेल्यासारखा दिसायचा. ते उठले.

"इथे बसा," ते म्हणाले. "इथून नीट दिसतं."

आणि हात खिशात घालून ते भिंतीला टेकून उभे राहिले.