देवाच्या हातात हात

इतवारी पेठेत पारेवाल्या बाबाच्या माडीवर दर गुरुवारी अशी गर्दी, की जिन्यावर पाय ठेवाले जागा नाही. बाबाजवळ बीपी मोजायचं डाक्टरी मशीन होतं. माणूस जिना चढून धापा टाकत आला, की बाबा त्याचा हात खाली लोंबता ठेवून पट्टा बांधे अन् पारा मोठ्यानं वाचे.

"एकशे नव्वद! अरे, रगत उकळून राहिलं!"

मग अर्धा तास भजन. मग छताले टांगलेली पितळी साखळी धरायची. "हात वर! देवाच्या हातात हात!" पुन्हा पट्टा. "एकशे चाळीस! आता गोळी पाहिजे का?"

"नाही!" सारी माडी ओरडे. त्यात माझी लहान बहीण कौसल्याही, बीपीची रोजची गोळी सोडून बसलेली.

"गोळ्या काहून सोडल्या वं?" मी तिले विचारलं.

"मशीन खोटं बोलते का, भाऊ? तू साऱ्यायची मस्करी करतं, देवाची नको करू."

मी तडक डाक्टरीण चारुशीलाबाईकडे गेलो.

"मशीन खरंच बोलते," त्या म्हणाल्या. "पण हात हृदयाच्या खाली लोंबला की आकडा वाढतो, वर टांगला की उतरतो. त्यात जिन्याची धाप. आजार जिथल्या तिथंच. दाब वाढवायचा हुकूम शरीरच सोडत असतं. कधीतरी तो हुकूमच गप्प करणारं औषध निघेल, वर्षातून एकदोन सुया. तोवर रोज गोळी. तिला आत्ताच आणा."

आणाले गेलो, तर कौसल्या स्वयंपाकघरात आडवी. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

पुढच्या गुरुवारी मी डाक्टरीण बाईंले घेऊन माडी चढलो. "बाबा, तुमचं रगत किती थंड आहे, लोकायले दाखवा ना जी!"

बाबा फुगला. मी त्याले आधी साखळी धरवली. बाईंनी मोजलं, एकशे वीस. जयजयकार! मग हात खाली सोडवला. एकशे पन्नास.

"बाबा, तुमच्याच दरबारात तुमचाच पारा चढला गा!"

माडी हसली, मग चिडली. संध्याकाळी दाराले कुलूप.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत मी बाबाचा बडग्या काढला. टिंगलीचा कागदी पुतळा, एक हात साखळीत. "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" म्हणून सारे हात वर करून ओरडत होते, मी पुढं नाचत होतो. खिडकीत कौसल्या दिसली. तिनंही हात वर कराले पाहिलं. उठला नाही. मग डाव्या हातानं तिनं उजवा मनगटाले धरून उचलला.

माझे पाय थांबले.

आकडा पाहून भुलू नका गा. कोणी मोजला, कसा मोजला, ते विचारा. डाक्टरले विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. हे कौसल्यानंच सांगितलं असतं. तिले बोलता येत नाही, म्हणून मी सांगून राहिलो.