सर्दी झालेल्या फायली

सकाळचे ऊन कारखान्यात शिरताना कधी घाई करीत नसे. आधी ते समोरच्या भिंतीवर थबके, मग काचेतून वाकून आत येई; खिळ्यांना टांगलेल्या व्हायोलिनांच्या पाठींवरून एकेक करीत उतरे, सरसाच्या वाटीवरची साय उजळवी, बाकावरच्या भुशाला घटकाभर सोन्याचा आव आणू देई, आणि शेवटी कोपऱ्यातल्या संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसे. धाकटा रोज त्याची वाट पाही. आज मात्र ते पडद्यापर्यंत पोचूच नये, असे त्याला वाटत होते.

बाबा व्हायोलिने दुरुस्त करीत. आलेले वाद्य दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर वाजवून त्याचा आवाज संगणकात ठेवायचा, ही त्यांची रीत. पण आवाजाच्या साऱ्या फायली पडद्यावर एकाच तोंडवळ्याच्या दिसत. ताईला ते बघवेना. तिने दुखण्यागणिक फायलीच्या नावाला वेगळी शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, ठरवली, प्रत्येक शेपटीला आवाज वाजवणारा तोच प्रोग्राम जोडून दिला आणि वर स्वतः काढलेले चित्र चिकटवले. गेंगाण्या वाद्याला फुगलेले नाक, खरखरणाऱ्याला खोकणारे तोंड, दबक्या आवाजाच्याला उशीखालचे डोके, आणि बऱ्या झालेल्याला हिरवे पान. फोल्डर उघडला की दवाखान्यातली रांग पाहावी. नाक नखाएवढे, पण सर्दी कालचीच आहे हे कळे. ती चित्रे पाहताना धाकटा हातातले काम विसरे.

जुना संगणक मोडीत निघाला तेव्हा फायली नव्यावर न्यायचे काम त्यानेच मागून घेतले. नव्याला ताईच्या शेपट्यांची ओळख नव्हती. सगळ्या फायली कोऱ्या कागदांसारख्या दिसल्या. काहीतरी बिघडले असे समजून त्याने एका फटक्यात साऱ्या शेपट्या छाटल्या, सरसकट एकच लावली, आणि जुना संगणक भंगारात देऊन मोकळा झाला. फायली वाजत होत्या. कोण गेंगाणे नि कोण खोकणारे, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

"म्हणजे सब घोडे बारा टक्के," ताई म्हणाली, आणि रागावण्याऐवजी चित्रे पुन्हा जोडायला बसली.

बाबांनाही वाईट वाटले नाही. पुढे बाक धाकट्यानेच सांभाळायचा हे त्यांनी केव्हाच मनाशी धरले होते, आणि धाकट्यानेही आयुष्याकडे दुसरे काही मागितले नव्हते. एकेक ऐकून पुन्हा नाव दे, ते म्हणाले. कानाला याहून चांगली तालीम नाही.

त्याने डोळे मिटून पहिली फाइल ऐकली आणि नाक म्हणून सांगितले.

"खोकला," ताई मान वर न करता म्हणाली. बाबांनी मान डोलावली.

दुसऱ्याला तो पान म्हणाला.

"पान कसलं, उशी. दार लोटलेल्या खोलीतून बोलतंय बघ."

त्याने पुन्हा ऐकले. एक व्हायोलिन वाजत होते, आणि ते सुंदर होते. मग तो ऐकायचे सोडून ताईकडेच पाहत राहिला. सूर पुरता उमलायच्या आत तिचे बोट चित्रावर गेलेले असे. त्यात ना मिरवणे, ना अडखळणे. तहानलेल्याने पाणी प्यावे तसे ती ऐकत होती. एका फायलीशी ती थांबली.

"बाबा, हे कालचं ना? बरं झालंय, पण टेकू सरकलाय याचा."

बाबांनी ते वाद्य खिळ्यावरून काढले आणि पोटावरच्या फटीतून बारीक आरसा आत घातला. आतला लाकडी टेकू केसभर सरकला होता. ते बराच वेळ आरशातच पाहत राहिले.

"तुला कधीपासून कळतं गं हे?"

"मग चित्रं काय बघून काढली मी?"

तिच्या रेषांवर इतके दिवस जीव टाकणाऱ्या धाकट्याला त्या रेषा कुठून आल्या, हे आत्ता कळले. बाबा मायेने त्याच्याकडे वळले. पुढचे तू सांग, म्हणाले.

त्याने फाइल लावली, शेवटपर्यंत ऐकली.

"बाबा, मला फरक कळत नाही."

कधीच कळला नव्हता.