पाय घसरला नाही

"तू नुसती सही कर, बाकीचं मी लिहिते," मेट्रनबाई म्हणाल्या आणि त्यांनी अपघाताचा फॉर्म स्वतःकडे ओढला. "पाय घसरून पडल्या. दोन मिनिटांचं काम."

समोर बसलेल्या सिस्टरचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. सकाळी सलाइन लावताना सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांनी तिचं मनगट धरून असं पिरगाळलं, की हाड मोडल्याचा आवाज तिलाच ऐकू आला.

"मॅडम, माझा पाय घसरला नाही."

"अगं, सगळे तेच लिहितात. आजवर तूही तेच लिहिलंस!"

हे मात्र खरं होतं. बावीस वर्षांत सिस्टर दोनदा घसरली होती, कागदावर. एकदा दात पडला, एकदा बरगडीला तडा गेला. हे फॉर्म कुणी परक्याने वाचले, तर त्याला वाटावं, या वॉर्डात रोज फरशीवर तेल ओततात. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, हा इथला रिवाज. आजारी माणसाविरुद्ध लिहिणं तिलाही पाप वाटायचं.

"आजोबा बिचारे भ्रमात होते गं. त्यांची काय तक्रार करायची?"

"त्यांची नाहीच मॅडम. त्यांना मी चोर वाटले. पण तिथे दोघी हव्या होत्या, मी एकटी होते. आपण जादा माणूस मागतो, तेव्हा वरचे विचारतात, कुणाला लागलं का? आपणच सांगतो, छे, घसरलो. मग कशाला देतील?"

सिस्टरला रागापेक्षा स्वतःचीच लाज वाटत होती. तिने फॉर्म ओढून घेतला, डाव्या हातात पेन धरलं. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी. घाम फुटला, तरी तिने पेन सोडलं नाही. 'पेशंटने हात पिरगाळला. मी एकटी होते.'

दारातून हे बघत असलेल्या सफाईच्या मावशी आत आल्या. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या.

"सिस्टर, माझं पण लिहा. एका पेशंटनं थोबाडीत मारली, तेव्हा हा डावा कान गेला. कागदावर मी जिन्यावरून पडलेय."

"कधीचं, मावशी?"

"चौदा वर्षं झाली. चालेल का?"

मेट्रनबाईंनी ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

मावशी हात पुसत खुर्चीवर बसल्या आणि प्रश्न नीट ऐकू यावेत म्हणून त्यांनी उजवा कान पुढे केला.