सारवणाचा ब्रश

मी ब्रश बोलतोय. केस नाहीत, दांडा नाही, रंगात बुडायची तर सोयच नाही. हसू नका. रुपाच्या लॅपटॉपमध्ये माझं नाव ‘सारवण’ आहे. मला ओढलं की पडद्यावर अंगण उमटतं.

जन्म माझा साखरा गावातला. अंगणात फरशी बसणार होती, म्हणून रुपाची आई, सिंधूबाई, शेणामातीनं शेवटचं सारवत होत्या. रुपानं जुन्या मोबाइलवर फोटो काढला.

"फोटू काय काढून राहिलीस? तोंड तरी धुऊ दे."

"तुझा न्हाई माय, सारवणाचा."

त्याच फोटोतून रुपानं मला घडवलं. सिंधूबाईंच्या चार बोटांच्या कमानी माझ्या अंगात जशाच्या तशा उतरल्या. फरशी बसली आणि वर्षाच्या आत सिंधूबाई गेल्या. त्यांच्या हाताचं जे काही उरलं, ते माझ्यापाशी आहे. ही जोखीम मला फार जड वाटते.

लॅपटॉप मिटला की मला स्वप्न पडतं. मी कोवळ्या उन्हात वाळतोय आणि जवळच कुणाच्या तरी बांगड्या वाजताहेत.

हिंगोलीच्या ॲनिमेशन क्लासात रुपा आईच्या अंगणाची छोटीशी फिल्म करू लागली. पडद्यावरच्या लहान कागदावर मी झकास उमटायचो. मग पुष्कर सर म्हणाले, "फिल्म महोत्सवाला पाठवायची, तर तिथला पडदा मोठा आहे. रिझोल्युशन दुप्पट कर."

माणसांना सगळं मोठं करायची भारी हौस! माझी नक्षी मात्र ठरलेल्या ठिपक्यांची. मोठ्या कागदावर बोटं बारीक होऊन नुसती धूळ दिसू लागली. रुपानं मला ताणलं, तर बोटं पुसटली. नवा फोटो काढायला सारवण तरी कुठं होतं? आता ती मला टाकून देईल की काय, अशी मला भीती वाटत होती.

शेवटी तिनं कागद पुन्हा लहान केला.

"मोठ्या पडद्यावर मधोमध एवढीशी दिसेल," सर म्हणाले. "कदाचित घेणारही नाहीत."

"न्हाई घेतली तर न्हाई, सर. मायची बोटं दिसली पाहिजेत."

महोत्सवाचं उत्तर अजून आलेलं नाही. माझं मागणं एवढंच, मला आहे तेवढाच राहू द्या.

परवा रुपानं गावी येऊन वडिलांना, नामाजींना, फिल्म दाखवली. पडद्यावर मी सरसर फिरत गेलो, अंगण ओलं होत गेलं. तेवढ्यात फिल्ममधली छोटी रुपा धावत आली. नामाजींनी हात पुढं केला.

"थांब पोरी, पाय नको देऊ," ते हळूच म्हणाले. "तुझ्या मायनं आत्ताच सारवलं. वलं हाय अजून."