भायला विचारल्याशिवाय

सुदानात बंडखोरांनी लष्कराच्या छावण्यांची दोन गावं घेतली होती. तिसऱ्या गावात माझा खिजरचाचा होता, छावणीच्या मेसमध्ये ठेकेदार कंपनीचा कुक.

शुक्रवार होता. इकडं आखातात, जिदहफ्समधल्या आमच्या दुकानाचं शटर अर्धं खाली, अब्बा नमाजला गेलेले, फोन बंद करून. शाळा सोडल्यापासून गल्ल्यावर मीच असते. तेवढ्यात चाचाचा व्हिडिओ कॉल आला.

"अस्मा, भायला दे गो फोन."

"अब्बा मशिदीत आहेत. तुम्ही अजून तिथंच?"

"कंपनी बोलली, जागचे हलू नका. आणि अख्ख्या पलटणीचा भात चुलीवर आहे."

तो भाताकडे बघत होता, मी त्याच्या मागच्या खिडकीकडे. बाहेर दोघं जण ट्रकवर फ्रिज चढवत होते. भिंतीआड एक शिपाई वर्दी काढून साधा झगा घालत होता.

"चाचा, मागं बघा! साहेबाचा फ्रिज चाललाय! पलटण पळतेय, भात कुणाला वाढताय?"

चाचानं वळून बघितलं. तोंड पडलं त्याचं. "सप्लायची गाडी नदीकडं निघतेय. ड्रायव्हर बोलावतोय. पण भायला विचारल्याशिवाय कसा जाऊ?"

आमच्याकडं हे असंच. चाळिशी उलटली तरी चाचा मिशी काढायची तर अब्बांना विचारतो. माझं डोकं सणकलं. तिकडं धाडकन आवाज झाला, चित्र हललं.

"अब्बा सांगून गेलेत!" मी ओरडले. "खिजरचा फोन आला तर बोल, लगेच निघ. खलास!"

"भाय बोलला?"

"मग काय मी बोलतेय? यल्ला, निघा!"

कॉल कटला.

अब्बा आले. मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात वर गेला.

"रस्त्यात गाड्या अडवून गोळ्या घालतायत गो! मी 'थांब'च बोललो असतो. माझ्या नावानं बोलायची हिंमत कशी झाली तुझी?"

"मारा. पण तो फ्रिज मी बघितलाय, तुम्ही नाही."

हात तसाच राहिला. अब्बा चाचाला फोन लावत राहिले, लागला नाही. तिसऱ्या प्रहरी, असरच्या अजानीआधी बातमी आली, तिसरं गावही पडलं. छावणी जळत होती.

अब्बा स्टुलावर बसले. मग फोन तोंडाजवळ धरून व्हॉइस मेसेज बोलले, "खिजर, भाय बोलतोय. अस्मानं सांगितलं ते मीच सांगितलेलं. नदी येईपर्यंत थांबू नकोस."

एकच टिक आली.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "दुसरी टिक येते का, तू बघत बस," म्हणाले. "माझी नजर ठरत नाही."